बभ्रू: कुठे बीव्हर, कुठे मुंगूस, कुठे मांजर

शब्दगाठ

"असौ यस्ताम्रो अरुण उत बभ्रुः सुमङ्गलः." रुद्राच्या पहिल्याच अनुवाकातली ही ओळ पुष्कळांना तोंडपाठ असते. वर येणाऱ्या सूर्यबिंबात रुद्राला पाहायचं आणि त्याचे रंग एकामागून एक सांगायचे, असा तिचा भाव. ताम्र आणि अरुण आपल्याला लगेच कळतात. बभ्रूपाशी आपण अडखळतो, कारण मराठीत हा शब्द रंग म्हणून उरलेला नाही. कोश सांगतात: पिंगट, तांबूस तपकिरी. आणि त्याच नोंदीत पुढे एक प्राणी येतो, मुंगूस. अमरकोशाच्या नानार्थवर्गात तर नकुल, विष्णू आणि पिंगल हे तिन्ही अर्थ एकत्र दिले आहेत.

इथवर सगळं सरळ आहे. तपकिरी जनावराला तपकिरी म्हटलं, संपलं. पण हाच शब्द भारताबाहेर शोधायला गेलं की मुंगूस कुठेच भेटत नाही. लॅटिनमध्ये फीबर, जुन्या इंग्रजीत बेओफोर, जर्मनमध्ये बीबर, लिथुआनियनमध्ये बेब्रास, रशियनमध्ये बोब्र, अवेस्ताच्या (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या) भाषेत बव्र. सगळीकडे एकच प्राणी: नदीत राहणारा, दातांनी झाडं पाडून बांध घालणारा, दाट लोकरीचा बीव्हर. हे शब्द एकमेकांकडून उसने घेतलेले नाहीत. इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या प्रत्येक शाखेचे ध्वनिनियम लावले की सगळे एकाच मूळ रूपाकडे जातात. भाषाशास्त्रज्ञ ते *भेभ्रुस् असं मांडतात. (आधीची * ही तारा म्हणजे लिखित पुरावा नाही, तुलनेतून उभं केलेलं रूप.) संस्कृत बभ्रु हा या रूपाचा सख्खा वारस.

मला या शब्दाची ओढ आहे ती यासाठी. हा शब्द बोलणारी माणसं अशा प्रदेशात आली जिथे बीव्हर नव्हता. नाव उरलं, प्राणी मागे राहिला. अशा वेळी शब्द विसरला जाणं स्वाभाविक होतं. तसं झालं नाही, कारण त्याच्या पोटात रंग होता. ऋग्वेदात बभ्रू बहुतेक ठिकाणी येतो तो रंग म्हणूनच. रुद्र बभ्रू आहे (दुसऱ्या मंडलातलं ३३ वं सूक्त पाहा), सोम बभ्रू आहे. दहाव्या मंडलाच्या ९७ व्या सूक्तात औषधी वनस्पती बभ्रू आहेत: "मनै नु बभ्रूणामहं शतं धामानि सप्त च". आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जुगाऱ्याच्या सूक्तातलं, १०.३४ मधलं. तो खेळायला जायचं नाही असं ठरवतो, सोबत्यांच्या मागे राहतो, आणि तेवढ्यात "न्युप्ताश्च बभ्रवो वाचमक्रत": फेकलेले बभ्रू बोलू लागतात. इथे फाशांना फासे म्हटलेलंच नाही. नुसतं 'तपकिरी' म्हटलं आहे. ते फासे म्हणजे बेहड्याची फळं, आणि सुकलेला बेहडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना बभ्रू म्हणजे नेमका कुठला रंग हे वेगळं सांगावं लागणार नाही.

म्हणजे प्राण्याचं नाव सुटलं, रंग टिकला, आणि पुढे त्या रंगाने इथला दुसरा प्राणी पकडला. माझं मत असं की या शब्दाचं खरं घर रंगात आहे, जनावरात नाही. जनावरं त्याला त्या त्या मुलखात भेटली. तुम्हाला काय वाटतं? आणि मराठीत, प्राकृतात, इतर भाषांत याचे आणखी धागे कुणाला ठाऊक असतील तर जरूर लिहा.

---

रानफूल

सुरेख विषय. प्राण्याबद्दल थोडी भर घालते, कारण बीव्हर आपल्याकडे नसल्याने बरेच जण त्याला पाणमांजर समजतात. पाणमांजर मांसाहारी, मासे खाणारं. बीव्हर उंदीर-खारींच्या कुळातला, म्हणजे कृंतक, आणि पूर्ण शाकाहारी. शेपटी चपटी, वल्ह्यासारखी आणि खवल्यांची. जगात दोनच जाती उरल्या आहेत, एक युरोप-आशियातली आणि एक उत्तर अमेरिकेतली.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ, तपकिरी. खालची लव अतिशय दाट आणि मऊ. पाणी वरच्या थरातच अडतं, कातडी कोरडी राहते. त्या खालच्या लवेच्या तंतूंना सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे ती दाबून उत्तम नमदा होतो. युरोपात याच नमद्याच्या टोप्या बनत. इंग्रजीत 'बीव्हर' या शब्दाचा एक अर्थच टोपी असा झाला. १६७० साली स्थापन झालेली हडसन बे कंपनी मुख्यतः याच कातड्यांच्या व्यापारावर उभी राहिली. शिकारीमुळे युरोप-आशियातली जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम १२०० पर्यंत खाली आली होती. नंतर संरक्षण मिळालं, अनेक नद्यांत बीव्हर पुन्हा सोडले गेले, आणि आता संख्या चांगली सावरली आहे.

या युरोप-आशियातल्या जातीचं शास्त्रीय नाव कॅस्टर फायबर. पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन, आणि दोन्हींचा अर्थ बीव्हरच. त्यातला फायबर म्हणजे तुमचा फीबर, बभ्रूचा भाऊ.

---

चिकित्सक

लेख आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही. तुमची स्वतःचीच यादी पाहा. लॅटिन, जर्मानिक, बाल्टिक, स्लाव्हिक, अवेस्ता: सगळीकडे प्राणी. रंगाचा अर्थ फक्त भारतीय शाखेत. इतक्या शाखा एका बाजूला आणि एक शाखा दुसऱ्या बाजूला असेल तर मूळ अर्थ बहुसंख्येचा धरावा लागतो. म्हणजे मूळ शब्द 'बीव्हर' हाच. प्राणी दिसेनासा झाल्यावर 'बीव्हरच्या रंगाचा' यावरून नुसता 'तपकिरी' उरला. आपण मोरपंखी म्हणतो, राखाडी म्हणतो. वस्तूवरून रंग, हीच नेहमीची वाट आहे.

अवेस्ताची साक्ष तर फार बोलकी आहे. अवेस्तातल्या आबान यश्त या स्तोत्रात अनाहिता देवीच्या वस्त्राचं वर्णन येतं. ते बव्रांच्या कातड्याचं आहे, चार पिलं दिलेल्या मादी बव्रांच्या, आणि योग्य वेळी कमावलं तर ते सोन्यारुप्यासारखं झळकतं असं म्हटलं आहे. अनाहिता जलाची देवता, बव्र पाण्यातला प्राणी. संस्कृतच्या सगळ्यात जवळच्या भाषेत हा शब्द स्पष्टपणे फरवाल्या जनावराचा आहे.

---

शब्दगाठ

चिकित्सक, मुद्दा ठोस आहे आणि अनाहितेच्या वस्त्राची आठवण काढलीत याचा फार आनंद झाला. पण रंगाचा अर्थ हिंदुस्थानात आल्यावर, प्राणी विसरल्यावर तयार झाला असं म्हणणं कठीण आहे. आजच्या इराकमध्ये किर्कुकजवळ नुझी नावाचं प्राचीन नगर होतं. तिथल्या अक्कादी मृत्तिकापट्टांत घोड्यांच्या रंगांचे शब्द सापडले आहेत: बब्रुन्नु, परितन्नु, पिंकरन्नु. शेवटचं 'न्नु' तिथल्या हुरियन भाषेच्या वळणाचं. ते काढलं की उरतं बभ्रु, पलित, पिंगल. काळ इसवी सनापूर्वीचं पंधरावं-चौदावं शतक, मितन्नी राज्याचा. म्हणजे सिंधूपासून इतक्या दूर पश्चिमेला, घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसांच्या तोंडी बभ्रू हा सरळसरळ रंग होता.

---

चिकित्सक

नुझीचा पुरावा वजनदार आहे, पण ते शब्द भारतीय-आर्य शाखेचेच आहेत. त्यामुळे रंगाचा अर्थ त्या शाखेत खूप जुना आहे एवढं सिद्ध होतं. सगळ्या शाखा एकत्र असतानाही तो होता, हे त्यावरून निघत नाही.

---

धातुपाठ

दोघांच्या मध्ये पडतो. *भेभ्रुस् या रूपाची घडण पाहू या. त्यात द्वित्व आहे: भे-भ्रु. मूळ अंश भेर्/भ्रु, ज्याचा अर्थ तपकिरी. हा अंश द्वित्वाशिवायही इतरत्र सापडतो. इंग्रजी 'ब्राउन' आणि जर्मन 'ब्राऊन' त्यातूनच आले. म्हणजे तपकिरीपणा आधी, त्याचं द्वित्व करून *भेभ्रुस्, 'तो तपकिरी-तपकिरी'. इथपर्यंत शब्दगाठ यांचं म्हणणं बरोबर ठरतं.

पण चिकित्सक यांचंही तितकंच बरोबर आहे. ते टोपणनाव बीव्हरला चिकटणं ही घटना शाखा फुटण्याआधीचीच असणार, नाहीतर इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच प्राणी आला नसता. तेव्हा क्रम असा लागतो: आधी रंगाचा धातू, मग त्यातून बीव्हरचं नाव. भारतीय शाखेत नावाचा धनी नाहीसा झाल्यावर विशेषणाचा अर्थ पुन्हा वर आला, किंवा तो आत जिवंत होताच आणि आता त्याला वाट मोकळी मिळाली.

अवांतर: प्राण्याला त्याच्या खऱ्या नावाने न हाकारता रंगावरून किंवा सवयीवरून नाव द्यायची पद्धत उत्तरेकडच्या भाषांत आणखी दिसते. अस्वलाचं जुनं समाईक नाव संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस. जर्मानिक आणि स्लाव्हिक भाषांनी ते टाकून दिलं. रशियन लोक त्याला मेद्वेद् म्हणतात, म्हणजे मध खाणारा. कठोपनिषदातल्या 'मध्वद' शब्दाशी त्याची घडण हुबेहूब जुळते. इंग्रजी 'बेअर' म्हणजे 'तपकिरी तो', याच भेर् धातूवरून, असं मत दीर्घकाळ मान्य होतं. अलीकडे काही जण त्याऐवजी 'जंगली जनावर' अशा अर्थाचा दुसरा धातू सुचवतात. शिकारीला निघताना खरं नाव घेतलं तर जनावर ऐकतं किंवा अंगावर येतं ही भीती यामागे असावी, असा तर्क मांडला जातो.

---

केतकी_व

पालीतला एक धागा माझ्याकडून. जातककथांत १३७ वी कथा 'बब्बु जातक' नावाची आहे. तिच्यात एका उंदरीण आणि चार मांजरांची गोष्ट येते. मांजर पकडतं, ती आपल्या वाट्याच्या मांसातला भाग देऊन सुटका करून घेते. मग दुसरं मांजर, तिसरं, चौथं, आणि तिच्या वाट्याला काही उरत नाही. बोधिसत्त्व पाथरवट असतात. ते तिला स्फटिकाचं बीळ करून देतात. ती आत बसून मांजरांना हवं ते बोलते, मांजरं स्फटिकावर झेप घेतात आणि आपटून मरतात. गाथा अशी सुरू होते: "यत्थेको लभते बब्बु, दुतियो तत्थ जायति". जिथे एका बब्बूला मिळतं तिथे दुसरा उगवतोच.

हा बब्बु म्हणजे मांजर, आणि पाली कोश त्याची तुलना थेट संस्कृत बभ्रूशी करतात. उत्तरेला बीव्हर, संस्कृतात मुंगूस, पालीत मांजर!

---

शब्दगाठ

केतकीताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार समाधान वाटलं. मुंगूस आणि मांजर यांत रंग, अंगकाठी आणि उंदीर मारणं एवढं समान आहेच. बीव्हर मात्र उंदराच्याच कुळातला. नाव देणाऱ्यांनी कुळ पाहिलं नाही, अंगावरची लव पाहिली.

---

साधा वाचक

बब्बर शेर यातला बब्बर हाच का? आणि बाबर बादशहाचं नाव?

---

धातुपाठ

बब्बर शेरमधला बबर फारसी 'बब्र' वरून आला. फारसीत बब्र म्हणजे वाघ. हा बब्र अवेस्ताच्या बव्रचा वंशज आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शाहनामा या फारसी महाकाव्यात रुस्तम हा वीर लढाईला जाताना 'बब्रे बयान' नावाचा अंगरखा घालतो. तो वाघाच्या कातड्याचा मानायचा की अनाहितेच्या वस्त्राशी नातं सांगणारा, हाही त्याच वादाचा भाग.

बाबरच्या नावाचा अर्थ सहसा वाघ असाच सांगितला जातो. बाबरनाम्याचे अनुवादक व्हीलर थॅकस्टन यांनी मात्र वेगळं मत मांडलं. नावाचा उच्चार बाबुर असा उकाराकडे झुकणारा आहे, आणि तो फारसी बब्रपेक्षा रशियन बोब्रशी, म्हणजे बीव्हरच्या शब्दाशी, जास्त जुळतो असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. बाबरचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलात याने लिहून ठेवलं आहे की झहीरुद्दीन हे अरबी नाव चगताई मंडळींना उच्चारायला जड जाई म्हणून बाबर हे नाव पडलं. राजपुत्राला सुटसुटीत नाव शोधताना वाघ सुचणं जास्त स्वाभाविक आहे. शिवाय उच्चाराच्या साम्यावरून नातं ठरवायचं तर मधले सगळे दुवे दाखवावे लागतात. इथे ते दिसत नाहीत.

---

औषधीबाग

वर 'कॅस्टर' शब्द आला म्हणून लिहितो, कारण तो धागा धरून गेलं की आपण आपल्या औषधांच्या कपाटापाशी पोचतो.

ग्रीकांनी बीव्हरचा जुना समाईक शब्द जपला नाही. त्यांनी वापरला कास्तोर. बीव्हरच्या शेपटीजवळ दोन पिशव्या असतात, त्यांत उग्र वासाचा पिवळसर स्राव असतो. त्याला कास्तोरिओन म्हणत, लॅटिनमध्ये कास्तोरेउम. प्राचीन काळापासून हे मोठं औषध होतं, विशेषतः स्त्रियांच्या विकारांवर. युनानी वैद्यकात त्याचं नाव जुंदबेदस्तर. हा मूळ फारसी 'गुंद-ए-बेदस्तर', शब्दशः बेदस्तरचं वृषण. बेदस्तर म्हणजे बीव्हर. म्हणजे ज्या प्राण्याला आपल्याकडे कुणी पाहिलं नव्हतं त्याच्या अंगचं द्रव्य हकिमांच्या ग्रंथांत नावानिशी हजर आहे.

आता संस्कृत 'कस्तूरी' पाहा. वेदवाङ्मयात हा शब्द नाही. जुने संस्कृत शब्द मृगमद आणि मृगनाभि. अमरकोशात ते दोन्ही आहेत आणि त्यांच्या जोडीला कस्तूरी. अनेक अभ्यासकांच्या मते कस्तूरी हा ग्रीक कास्तोरिओन वरून आलेला शब्द आहे. एका प्राण्याच्या ग्रंथीतलं उग्र वासाचं, महागडं, औषधी द्रव्य. व्यापाऱ्यांनी त्याचं नाव दुसऱ्या प्राण्याच्या तशाच द्रव्याला लावलं. मला हे फार पटतं, कारण उलट दिशेनेही असाच प्रवास झाला आहे. इंग्रजी 'मस्क' फारसी 'मुश्क' वरून आला आणि मुश्कचं मूळ बहुतेक संस्कृत 'मुष्क', म्हणजे वृषण. दोन्हीकडे ग्रंथीला वृषण समजलं गेलं आणि दोन्हीकडे ते नावात उतरलं.

आणखी एक. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात. एरंडाचा बीव्हरशी काडीचा संबंध नाही. औषध म्हणून त्याने कास्तोरेउमची जागा घेतली म्हणून ते नाव पडलं असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

---

रानफूल

औषधीबाग, छान माहिती. त्या पिशव्या वृषण नाहीत, नर आणि मादी दोघांनाही असतात. बीव्हर तो स्राव काठावरच्या मातीच्या ढिगांवर सोडतो, आपली हद्द दाखवण्यासाठी.

पण त्या समजुतीतून एक दंतकथा युरोपात हजारो वर्षं चालली: शिकारी मागे लागला की बीव्हर स्वतःचे वृषण चावून तोडतो, शिकाऱ्यापुढे टाकतो आणि जीव वाचवतो. इसापाच्या कथांत ती आहे, प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने ती नोंदवली आहे. पुढे सेव्हिलचा बिशप इसिडोर याने तिच्यावरून व्युत्पत्तीही केली, की कास्तोर हे नाव 'खच्ची करणे' अर्थाच्या लॅटिन 'कास्त्रारे' वरून आलं. शब्द ग्रीक, व्युत्पत्ती लॅटिन. बीव्हरचे खरे वृषण शरीराच्या आत असतात, बाहेरून दिसतच नाहीत, त्यामुळे 'तोडून टाकले' या कथेला डोळ्यांनी पाहिल्याचा आधार मिळाला असणार.

फ्रेंचमध्येही हाच ग्रीक शब्द जिंकला. जुन्या फ्रेंचमध्ये बीव्हरला 'बिएव्र' म्हणत, तो बभ्रूच्या घराण्यातला, गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून आलेला. आज तिथे सगळे कास्तोर म्हणतात. पॅरिसमधली एक छोटी नदी मात्र अजून बिएव्र नावाचीच आहे, आणि आता तिचा शहरातला प्रवाह जमिनीखालून जातो. पोलंडमधल्या ब्येब्झा नदीचं नावही याच घराण्यातलं.

---

उत्तररात्र

बभ्रूतून मुंगूस शब्द आला नाही ना? आणि मराठी भुरा, भुरका?

---

शब्दगाठ

नाही. मुंगूस वेगळ्या वाटेचा आहे. कन्नड मुंगिसि, तेलुगू मुंगिस हे त्याचे सोयरे, तेव्हा मूळ द्राविडी धरतात. इंग्रजी 'मंगूस' मात्र आपल्याच शब्दावरून गेला आहे. इंग्रजी कोश त्याचं मूळ मराठी असंच देतात.

भुरा-भुरका हे हिंदी भूराच्या घरचे. थेट बभ्रूतून ते निघत नाहीत, कारण 'भ्र' या जोडाक्षराचं प्राकृतात द्वित्व होतं. पालीतला बब्बु हे त्याचं उदाहरण केतकीताईंनी दिलंच आहे. धातूच्या पातळीवर दूरचं नातं असू शकतं, जसं इंग्रजी ब्राउनचं आहे.

---

केतकी_व

मग संस्कृतात नकुल असताना मुंगसाला बभ्रू हा दुसरा शब्द लागला कशाला? नकुल जुना आहे. अथर्ववेदात (६.१३९) सापाचे तुकडे करून पुन्हा सांधणारा नकुल येतो.

---

धातुपाठ

वाजसनेयी संहितेचा, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाचा, २४ वा अध्याय पाहा. अश्वमेधात कुठल्या देवतेला कुठला प्राणी, याची ती लांबलचक यादी आहे. तिथे एकाच मंत्रात (२४.२६) मुख्य दिशांना नकुल आणि उपदिशांना बभ्रुक असे दोन प्राणी शेजारी शेजारी येतात. म्हणजे यादी करणाऱ्यांच्या लेखी ते दोन वेगळे होते. नंतरच्या कोशांनी दोन्ही एकाच खान्यात टाकले.

याच अध्यायात पुढे 'अपामुद्रः' असं येतं. उद्र म्हणजे पाणमांजर, आणि ते नेमून दिलं आहे आपः म्हणजे पाण्याला. हा उद्र बभ्रूपेक्षा भाग्यवान. उद म्हणजे पाणी, म्हणून उद्र, 'पाण्यातला'. लिथुआनियन ऊद्रा, रशियन वीद्रा, इंग्रजी ऑटर, अवेस्ता उद्र, सगळीकडे पाणमांजरच. ग्रीकमध्ये तेवढा तो हायड्रा नावाचा पाणसर्प झाला. पाणमांजर भारतातही आहे म्हणून इथे त्याचं नाव त्याच्यापाशी राहिलं. हिंदीतल्या ऊदबिलावमध्ये आणि मराठीत पाणमांजराला ऊद म्हणतात त्यात ते अजून ऐकू येतं. दोन शब्द एकाच वाटेने आले, दोघेही फरवाल्या पाणप्राण्यांचे. ज्याचा प्राणी इथे होता त्याचा अर्थ हलला नाही. ज्याचा नव्हता तो फिरत राहिला.

---

चिकित्सक

उद्र आणि बभ्रूची ही जोडी फार उपयोगी आहे. तिच्यामुळे एक जुना युक्तिवाद तपासता येतो. आद्य इंडो-युरोपीय लोकांकडे बीव्हरसाठी शब्द होता, म्हणून त्यांचं मूळस्थान बीव्हर असलेल्या प्रदेशात असणार, असं म्हटलं जातं. बभ्रूच्या बाबतीत ते बऱ्यापैकी टिकतं, कारण इतक्या शाखांनी एकाच अर्थाची साक्ष दिली आहे. पण समजा आपल्या हाती फक्त संस्कृत आणि पाली असत्या, तर आपण 'मुंगूस किंवा मांजर असलेला प्रदेश' शोधत बसलो असतो. तेव्हा एकट्या-दुकट्या शब्दावरून नकाशा काढू नये. शाखा किती आणि त्या किती दूर आहेत हे आधी मोजावं.

रंग की प्राणी या मुद्द्यावर धातुपाठ यांचा क्रम मला मान्य आहे. तरी ऋग्वेदातला बभ्रू हा जुन्या विशेषणाचा अवशेष की नव्याने काढलेला अर्थ, यात मी अजून दुसऱ्या बाजूला आहे.

---

उत्तररात्र

बभ्रुवाहनाबद्दल कुणीच लिहिलं नाही. अर्जुन आणि चित्रांगदेचा मुलगा. नावाचा अर्थ मुंगसावर बसणारा असा एका पुस्तकात वाचला होता.

---

शब्दगाठ

ते बरोबर नाही. बभ्रू हे ज्याचं वाहन म्हणजे घोडे, तो बभ्रुवाहन; पिंगट घोड्यांचा. श्वेतवाहन हे अर्जुनाचं नाव आहे, पांढऱ्या घोड्यांचा, तशीच घडण. बापाचं नाव श्वेतवाहन, मुलाचं बभ्रुवाहन. नुझीच्या पट्टांतही बभ्रू घोड्यांचाच रंग होता हे इथे आठवण्यासारखं आहे.

गोंधळ होण्यासारखी जागा मात्र आहे. बभ्रुवाहनाच्या हातून अर्जुन पडतो आणि उलूपी त्याला मण्याने उठवते, ही कथा आश्वमेधिक पर्वातली. त्याच पर्वाच्या शेवटी अर्धं अंग सोन्याचं झालेला मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञात येऊन बोलतो. पण तिथे त्याला नकुल म्हटलं आहे. आणि यादवांतला बभ्रू नावाचा वीर मौसल पर्वात येतो, तोही रंगावरूनच नाव पडलेला दिसतो.

---

रानफूल

एक व्यावहारिक प्रश्न. आबान यश्तमधलं ते वर्णन कुणी मराठीत आणलं तर बव्रला काय म्हणायचं? बभ्रू म्हणावं का? सख्खा शब्द आहे, नादही तोच.

---

शब्दगाठ

मोह होतो, पण मी बीव्हर लिहीन. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला बभ्रूच्या कातड्याचं वस्त्र म्हटलं की मुंगसाचं कातडं दिसेल, न जाणणाऱ्याला काहीच दिसणार नाही. पाण्यातल्या प्राण्याची लव आणि जलदेवता यांची जी जोड तिथे आहे ती दोन्हीकडे हरवेल. पाणमांजर तर मुळीच नको, कारण अवेस्तात त्यासाठी उद्र हा वेगळा शब्द आहे आणि त्या प्राण्याला मारणं हा वेंदिदाद या अवेस्ताच्याच भागात घोर अपराध मानला आहे. देवीच्या अंगावर तेच कातडं घातलं तर त्या धर्मग्रंथाच्या बरोबर उलट जाईल.

---

रानफूल

वेंदिदादचं हे ठाऊक नव्हतं. मग बीव्हरच, आणि खाली त्याचं दोन ओळींत वर्णन.